आमची लाल दिव्याची गाडी

१ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे उतरले. आमच्या पद्मिनीतला लाल दिवा टपावर नसून आत, स्टिअरिंगमागे असल्यामुळे वाचला. बाबांनी ही गाडी घेतली तेव्हा मी चड्डीत होतो. किल्ली फिरवली की तो दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झालं की विझला पाहिजे, ही बाबांची रोजची संध्या. दोन्ही घडल्याखेरीज गाडी फाटकाबाहेर पडत नसे.

काही महिन्यांपूर्वी डॅशबोर्डवरचे दिवे एकेक करून सेवानिवृत्त झाले. रात्री वेगाचा काटा पाहायचा तर हिला मोबाईलची बॅटरी धरून बसावं लागे. दुकानदार म्हणाला, "साहेब, एलईडी टाका. पुन्हा बघायला नको." मी बँकेत कारकून. 'पुन्हा बघायला नको' या शब्दांना मी फार लवकर भुलतो.

डॅशबोर्ड ही मुळात घोडागाडीची फळी. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल बसणाऱ्यांच्या अंगावर येऊ नये म्हणून ती पुढे ठोकत. घोडा गेला, फळी राहिली. आमच्या बँकेतही अशी काही खाती आहेत!

एलईडीचा इतिहास मात्र मी झोप मोडून वाचला. १९०७ साली मार्कोनीचा साहाय्यक हेन्री राऊंड यानं कार्बोरंडमच्या खड्याला दहा व्होल्ट लावले आणि खडा पिवळसर उजळला. त्यानं एका मासिकाला चार ओळींचं पत्र टाकलं आणि तो आपल्या कामाला लागला. पुढे रशियात ओलेग लोसेव्ह या तंत्रज्ञानं या उजेडाचा चिकाटीनं पाठपुरावा केला. तो १९४२ साली लेनिनग्राडच्या वेढ्यात उपासमारीनं गेला. १९६२ साली अमेरिकेत निक होलोन्याक यांनी डोळ्यांना दिसणारा, कामाचा लाल एलईडी बनवला. निळ्यासाठी मात्र आणखी तीस वर्षं लागली, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. तो तेजस्वी निळा जपानच्या शुजी नाकामुरांनी १९९३ साली आणला, तेव्हा कंपनीनं त्यांना वीस हजार येन बक्षीस दिलं. हे वाचून मला आमच्या बोनसबद्दल प्रथमच आदर वाटला. नाकामुरा कोर्टात गेले, २००५ साली चौऱ्याऐंशी कोटी येनांवर तडजोड झाली आणि २०१४ साली आकासाकी व अमानो यांच्याबरोबर त्यांना नोबेलही मिळालं.

तर असे हे नोबेलविजेते दिवे रविवारी मी स्वतः बसवले. निम्मे लागेनात. एलईडीतून वीज एकाच दिशेनं जाते. साधा बल्ब उलटसुलट कसाही चालतो. ते फिरवून घातले. हायबीमचा निळा तर दीपगृहासारखा पेटला. त्यावर चिकटपट्टी लावली.

बाबा शेजारी बसले. "अरे, तो लाल दिवा विझत नाहीये."

"बाबा, एलईडी आहे तो. जराशा विजेवरही मंद जळतो. तुमच्या वेळचे बल्ब वेगळे."

पुढच्या आठवड्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. सकाळी सहाला दवाखान्यात हजर व्हायचं होतं. साडेपाचला किल्ली फिरवली. गाडीनं एकदा 'टक्' केलं आणि डोळे मिटले. बाबा काही बोलले नाहीत. रिक्षा मिळेपर्यंत रिकाम्या पोटी, काठी टेकून, ते गाडीच्या बॉनेटला पाठ लावून उभे होते. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मेस्त्रींनी माझी शिकवणी घेतली. जुना डायनॅमो आपल्या लोखंडात उरलेल्या चुंबकत्वावर स्वतःच सुरू व्हायचा. दिवा केवळ चुगलखोर. १९६०च्या सुमारास मोटारींत आल्टरनेटर आला. आमच्याही गाडीत मेस्त्रींनीच तो मागे बसवलेला. त्याला सुरुवातीला थोडी वीज बाहेरून द्यावी लागते, आणि ती या लाल दिव्यातूनच जाते. म्हणजे भागभांडवल! तीन वॅटचा बल्ब पाव अँपिअर सोडतो. माझा एलईडी सोडत होता वीस मिलिअँपिअर, जेमतेम बारावा हिस्सा. एवढ्या भांडवलावर आल्टरनेटरनं धंदा सुरूच केला नव्हता आणि मी आठवडाभर हेडलाईट लावून बॅटरीची ठेव मोडत होतो. धंदा चालू झाला की दिव्याच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज सारखं होतं आणि तो विझतो. जमा आणि नावे बरोबर! मी बी.कॉम. आहे आणि न जुळलेला ताळेबंद डोळ्यांसमोर पेटलेला असताना मी त्याला तंत्रज्ञान म्हणत होतो.

"एलईडीला जोडून रेझिस्टर टाकता येईल," मेस्त्री म्हणाले, "पण साधा बल्ब दहा रुपयांना आहे."

बल्ब टाकला.

बाबांच्या डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्यांना गाडीतूनच आणलं. मी किल्ली फिरवली. बाबा नव्या डोळ्यानं पुढे वाकून पाहत होते.

"लागला," ते म्हणाले. मी स्टार्टर मारला. "विझला. चल." आणि कोपऱ्यावर वळताना, "बाकीचे मात्र फार पांढरे केलेस रे. दवाखान्यातून दवाखान्यातच चाललोय असं वाटतंय."