प्रसूतीनंतरची सौंदर्यशस्त्रक्रिया

गर्भारपण, प्रसूती आणि स्तनपान यांमुळे स्त्रीच्या शरीरात, विशेषतः पोट व स्तन यांच्या आकारात, झालेले बदल कमी करण्यासाठी केल्या जाणाऱ्या ऐच्छिक शस्त्रक्रियांना प्रसूतीनंतरची सौंदर्यशस्त्रक्रिया असे म्हणतात. पोटाची सुघटन शस्त्रक्रिया (टमी टक), ओघळलेले स्तन वर उचलणे, स्तनांचा आकार वाढविणे किंवा कमी करणे आणि मेदशोषण म्हणजेच लायपोसक्शन या त्यांतील प्रमुख शस्त्रक्रिया होत. त्या तातडीच्या नसल्यामुळे त्यांची वेळ निवडता येते आणि त्यांची सुरक्षितता व परिणाम बऱ्याच अंशी या निवडीवर अवलंबून असतात. सर्वसाधारणपणे पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी प्रसूतीनंतर ६ ते १२ महिने, तर स्तनांच्या शस्त्रक्रियेसाठी अंगावर पाजणे पूर्ण थांबल्यानंतर ३ ते ६ महिने थांबण्याचा सल्ला दिला जातो.

शरीराची नैसर्गिक भरपाई

प्रसूतीनंतर लगेच सुमारे १ किलोग्रॅम वजनाचे असणारे गर्भाशय साधारण ६ आठवड्यांत आकसून १०० ग्रॅमपेक्षाही कमी वजनाचे होते. महाराष्ट्रात बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती देण्याची रूढी आहे. तिचा काळ या प्रक्रियेशी बराच जुळतो. तथापि सव्वा महिना संपला म्हणजे सर्व शरीर पूर्ववत झाले, असे होत नाही. पोटाची त्वचा, स्नायू आणि शरीरातील मेद यांत पुढेही अनेक महिने बदल होत राहतात.

गर्भारपणात पोटाच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू एकमेकांपासून दूर जातात. हे अंतर प्रसूतीनंतर पहिल्या दोन महिन्यांत झपाट्याने आणि नंतर सावकाश कमी होते. सुमारे २ सेंटीमीटरहून अधिक अंतर टिकून राहिल्यास भौतिकोपचारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखाली व्यायाम सुचविले जातात. पोट बांधण्याच्या पारंपरिक पद्धतीने किंवा पट्ट्याने आधार मिळतो; परंतु ताणून सैल झालेली त्वचा त्याने कमी होत नाही. गर्भारपणातील वांग बहुधा फिकट होतात, प्रसूतीनंतरची केसगळती साधारणपणे वर्षभरात थांबते आणि पोटावरील लालसर व्रणरेषा पांढुरक्या होतात. त्यामुळे घाईने केलेल्या उपचारांपैकी काही मुळात अनावश्यक ठरू शकतात.

पोटाची शस्त्रक्रिया

या शस्त्रक्रियेत बेंबीखालची जादा त्वचा व मेद काढून दूर गेलेले स्नायू टाक्यांनी जवळ आणले जातात. काढलेल्या त्वचेवरील व्रणरेषा नाहीशा होतात. बेंबीच्या वरच्या रेषा मात्र राहतात. शस्त्रक्रियेपूर्वी वजन काही महिने स्थिर असावे लागते. ही शस्त्रक्रिया वजन कमी करण्याचा उपाय नाही.

प्रसूतीनंतर पायांतील नसांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. पहिल्या ६ आठवड्यांत तो सर्वाधिक असतो आणि सुमारे १२ आठवड्यांपर्यंत काही प्रमाणात टिकतो. अशी गुठळी फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतू शकते. पोटाच्या सुघटन शस्त्रक्रियेतही हाच धोका असल्यामुळे हे दोन काळ एकत्र येऊ देणे टाळतात. सिझेरियनच्या वेळीच पोटाची शस्त्रक्रिया उरकणेही सहसा योग्य मानले जात नाही. त्या वेळी ऊती सुजलेल्या व ताणलेल्या असल्याने किती त्वचा काढावी याचा अंदाज चुकतो, तसेच रक्तस्राव व जंतुसंसर्गाची शक्यता वाढते.

स्तनपान आणि शस्त्रक्रिया

जागतिक आरोग्य संघटना पहिले ६ महिने केवळ स्तनपान आणि पुढे पूरक आहारासह २ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान सुचविते. दूध येत असताना स्तनांचा आकार सतत बदलतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचे अचूक मोजमाप करता येत नाही. शिवाय जखमेतून दूध पाझरण्याचा व संसर्गाचा धोका असतो.

शस्त्रक्रियेसाठी किंवा स्तन ओघळतील या भीतीने बाळाचे दूध लवकर तोडणे समर्थनीय मानले जात नाही. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठाचे ब्रायन रिंकर व सहकारी यांनी स्तनशस्त्रक्रियेसाठी आलेल्या स्त्रियांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात स्तन ओघळण्याचा संबंध वय, गर्भारपणांची संख्या, धूम्रपान, वजन आणि स्तनांचा मूळ आकार यांच्याशी आढळला. स्तनपानाशी स्वतंत्र संबंध आढळला नाही.

अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला अन्य कारणाने भूल द्यावी लागली, तर ती पूर्ण शुद्धीवर आल्यावर बाळाला सहसा पाजू शकते. वेदनाशामकांची निवड मात्र काळजीपूर्वक करावी लागते. कोडीन व ट्रामाडॉल ही औषधे स्तनपान करणाऱ्या मातांनी टाळावीत, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला.

पुढील अपत्याचा विचार

आणखी मूल हवे असल्यास शस्त्रक्रिया पुढे ढकलणे श्रेयस्कर समजले जाते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरही गर्भारपण शक्य असते. परंतु त्वचा व स्नायू पुन्हा ताणले जाऊन शस्त्रक्रियेचा परिणाम पुसला जाऊ शकतो. स्तनांचा आकार कमी करताना दुग्धनलिका किंवा स्तनाग्राच्या चेतातंतूंना इजा झाल्यास पुढील बाळाला दूध कमी पडू शकते.

पूर्वतयारी आणि घरची व्यवस्था

शस्त्रक्रियेपूर्वी रक्तातील हिमोग्लोबिन तपासतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्यामुळे या तपासणीस विशेष महत्त्व आहे. प्रसूतीनंतरचे नैराश्य असल्यास त्यावरील उपचारांना अग्रक्रम दिला जातो.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर सुमारे ४ ते ६ आठवडे जड वस्तू उचलता येत नाहीत. या काळात तान्ह्या मुलाला कडेवर घेणेही वर्ज्य असल्यामुळे घरात मदतीचे माणूस आवश्यक असते. भारतात २०१७ च्या कायदादुरुस्तीने पात्र नोकरदार स्त्रियांची भरपगारी प्रसूतीरजा पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे करण्यात आली; त्यांपैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीपूर्वी घेता येते. म्हणजे रजा संपताना बाळ ४ ते ६ महिन्यांचे असते. परिणामी या रजेतच शस्त्रक्रिया उरकणे वर सांगितलेल्या मुदतीत सहसा बसत नाही.

खर्च आणि विमा

भारतातील आरोग्य विम्यात सौंदर्यशस्त्रक्रियेचा खर्च सामान्यतः वगळलेला असतो. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक उपचार हे त्यास अपवाद आहेत. स्नायूंमधील अंतरासोबत बेंबीचा हर्निया असल्यास तो स्वतंत्र आजार मानला जातो व त्याची तपासणी शल्यचिकित्सकाकडून करून घ्यावी लागते.