सणासुदीचे नागपूर आणि आपले चाक

आपला वाशीम जिल्हा हा इतिहासाने संपन्न असा प्रदेश आहे. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच, आणि विंध्यशक्ती दुसरा ह्या राजाचा ताम्रपट ह्याच गावी १९३९ साली उजेडात आला. तथापि ताम्रपटात राजाचे नाव असते, दान घेणाऱ्याचे असते, दिलेल्या गावाचे असते. त्या गावात मडकी घडविणाऱ्याचे नाव कोणी कोरून ठेवीत नाही. आम्हां कुंभारांचा इतिहास वाचावयाचा तर पंचांग उघडावे लागते. पोळा, गणपती, महालक्ष्मी, नवरात्र, दिवाळी, संक्रांत, अक्षय्य तृतीया ह्यांपैकी प्रत्येक सणाला माती लागते, आणि ती माती ज्याच्या हातून जाते तो आपला ज्ञातिबांधव असतो. म्हणून ह्या लेखात आम्ही सणासुदीच्या हंगामाचाच, आणि तोही विशेषतः नागपूर ह्या मोठ्या शहरातील हंगामाचा, थोडा मागोवा घेण्याचे योजिले आहे.

वाशीमचा लेखक नागपुराविषयी का लिहितो, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. वऱ्हाडावर एके काळी निजाम व नागपूरकर भोसले ह्यांचा दुहेरी अंमल होता. वाशीमचे बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू हे भोसल्यांच्याच पदरचे अधिकारी. पुढे इंग्रजी अमलात मध्यप्रांत व वऱ्हाड ह्यांची राजधानी नागपूर झाली, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली कचेरी, आपले वरिष्ठ न्यायालय तेथेच होते. वाशीम हा पूर्वी स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ साली तो मोडून अकोल्यात सामील झाला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. ह्या सर्व घडामोडींत आपल्या मुलांची शिक्षणासाठी व नोकरीसाठी नागपूरची वाट कधी तुटली नाही. कारंजा, मंगरुळपीर व मालेगाव ह्या तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी असा खुला झाल्यापासून तर ती वाट अगदी अंगणात आली आहे.

प्रथम आपल्या कलेच्या वयाविषयी दोन शब्द. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे श्रीसंत गोरोबाकाकांचे गाव. इ. स. १३१७ मध्ये काकांनी तेथे समाधी घेतली. परंतु त्यांच्याही हजार-बाराशे वर्षे आधी, सातवाहनांच्या काळात, हे गाव ‘तगर’ ह्या नावाने ग्रीक व्यापाऱ्यांना ठाऊक होते. तेथे उत्खननात व शेतांतून मिळालेल्या भाजक्या मातीच्या बाहुल्या व मूर्ती तेथील लामतुरे संग्रहालयात ठेवलेल्या आहेत. त्यांतील कित्येक मूर्ती पुढचा व मागचा असे दोन साचे जुळवून काढलेल्या आहेत. म्हणजे मूर्ती साच्यातून काढण्याची युक्ती कोणा परक्या कारखानदाराने आपल्याला शिकविली नाही. ती आपल्याच पूर्वजांच्या हातांत दोन हजार वर्षांपूर्वी होती. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता नागपूरकडे वळू. गोंड राजा बख्त बुलंद ह्याने अठराव्या शतकाच्या आरंभी हे नगर वसविले आणि पहिल्या रघूजी भोसल्यांनी ते राजधानी केले. येथील सणांचा हंगाम श्रावण अमावास्येच्या पोळ्याने सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेला रामटेकच्या टेकडीवर त्रिपुर उजळला म्हणजे संपतो. हे अडीच महिने म्हणजे आपल्या ज्ञातीची वर्षाची कमाई. पोळ्याला शेतकरी आपल्या बैलांना सजवितो. ज्याच्या दावणीला बैल नाही तो मातीची जोडी पुजतो. दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेस, लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी तो १८०६ साली सुरू केला, अशी नागपुरात मान्यता आहे. लाकडी बैलांना चाके लावून मुले ते ओढीत नेतात. हे काम सुतारबांधवांचे. त्याच दिवशी मारबतींची मिरवणूक निघते. काळी मारबत १८८१ पासून व पिवळी मारबत १८८५ पासून निघते असे सांगतात. पिवळ्या मारबतीचा मान जागनाथ बुधवारीतील तऱ्हाणे तेली समाजाकडे आहे. बांबू, कागद व कापड ह्यांची ती उंच मूर्ती गावातील रोगराई व पीडा आपल्याबरोबर घेऊन जावो, अशी आरोळी देत लोक तिला दहनासाठी नेतात, आणि तिच्याबरोबरच्या बडग्यांच्या रूपाने त्या त्या वर्षीच्या भ्रष्टाचाराची व महागाईची यथेच्छ टवाळी करतात. ही मिरवणूक सुरू झाली तेव्हा एम्प्रेस मिल (१८७७) निघून चार-आठ वर्षेच झाली होती आणि शहर वाढू लागले होते. एका समाजाने एक मान आपला मानला आणि पिढ्यान्पिढ्या चालविला, म्हणून ती प्रथा एवढ्या मोठ्या शहरात आजवर टिकली. हे उदाहरण आपण विसरू नये.

त्यानंतर तीनच दिवसांनी गणेश चतुर्थी. नागपूरच्या महाल भागातील चितार ओळ ही मूर्तिकारांची गल्ली. भोसल्यांच्या आश्रयाने चित्रकार व मूर्तिकार घराणी तेथे वसली, अशी परंपरा आहे. नागपूरचे आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे हडपक्या गणपती. भोसले घराण्यातील खंडोजी ऊर्फ चिमणाबापू हे बंगालच्या स्वारीहून परत आले तेव्हा गणपतींचे विसर्जन होऊन गेले होते. म्हणून विजयाचा आनंद साजरा करण्यासाठी पितृपक्षातच पुन्हा गणपती बसविला, अशी त्याची कथा सांगतात. अन्यत्र ज्या पंधरवड्यात शुभकार्य वर्ज्य, त्या पंधरवड्यात नागपुरात मूर्तिकाराच्या हाताला दुसऱ्यांदा काम मिळते, हे आपल्या दृष्टीने महत्त्वाचे.

मध्यंतरी तीन दिवसांच्या महालक्ष्म्या येतात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत विदर्भातील मुली भुलाबाई मांडतात. भुलाबाई व भुलोजी ह्यांची मातीची जोडी कोनाड्यात वा पाटावर बसवून संध्याकाळी घरोघरी गाणी म्हणावयाची आणि झाकलेला खाऊ ओळखावयाचा, असा तो गोड खेळ. नवरात्रात घट बसतात. वाशीमच्या बालाजी मंदिरातही आश्विनातील उत्सव मोठा असतो. दिवाळीत पणत्या, बोळकी आणि लक्ष्मीपूजनाची मातीची लक्ष्मी. नागपूरच्या बाजारात ह्याच सुमारास हाती दिवे घेतलेल्या मातीच्या गवळणीही मांडलेल्या दिसतात. हा छत्तीसगडच्या कुंभारांचा वारसा. मोठे शहर असे चारी दिशांचे हात एका बाजारात आणून बसविते.

ह्या उद्योगाची मेहनत मात्र बाजारात दिसत नाही. वऱ्हाडची काळी कपाशीची जमीन शेतकऱ्याला सोने, पण कुंभाराला जड. ती वाळताना आक्रसते आणि भांडे तडकते. म्हणून तळ्याचा, नाल्याचा गाळ आणावा लागतो. तो वाळवून, कुटून, चाळून, भिजवून, तुडवून, त्यात राख वा लीद मिसळून मग चाकावर गोळा चढतो. आव्याला गोवऱ्या व काडीकचरा लागतो, आणि हे सर्व पावसाळ्यापूर्वी जमवून ठेवावे लागते; कारण मागणी नेमकी पावसाच्या तोंडी व पावसात येते. खेड्यात ह्या मेहनतीचा मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळे. शहराने तो रोख दिला. बलुते बुडाले तेव्हा आपली कित्येक घरे तगली, ती ह्या सणासुदीच्या रोख पैशावर.

१८९३ पासून लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने सार्वजनिक गणेशोत्सव पुण्यात व मुंबईत फोफावला आणि पुढे नागपूर-वऱ्हाडातही रुजला. देवघरातील वीतभर मूर्ती मंडपात आली आणि पुरुषभर उंच झाली. उंच मूर्ती मातीची केली तर ती वजनाने अवजड होते, पावसाळी हवेत आठवडेच्या आठवडे वाळत नाही आणि वाहतुकीत भंगते. ह्या अडचणींवर प्लास्टर ऑफ पॅरिस हा तोडगा निघाला. जिप्सम हा खनिज दगड भाजून केलेली ही भुकटी पाण्यात कालवून साच्यात ओतली की थोड्याच वेळात घट्ट होते. मूर्ती आतून पोकळ, हलकी आणि स्वस्त निघते. मूर्तिकारांनी ती स्वीकारली ह्यात नवल नाही. पोट कोणाला नाही? परंतु त्याबरोबर दोन गोष्टी घडल्या. एक, मूर्ती घडविण्यास कुंभारच पाहिजे असे उरले नाही. ज्याच्याजवळ साचा व भांडवल तो मूर्तिकार झाला. दुसरी, मातीची मूर्ती पाण्यात काही तासांत विरघळून पुन्हा गाळ होते, तशी प्लास्टरची होत नाही. ती तळ्याच्या तळाशी पडून राहते, आणि ज्या तळ्यातून आपण माती आणावी ते तळेच बिघडते.

ह्याचा परिणाम पुढे कायद्यात दिसला. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये ह्या सूचनांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. पुढे ९ जून २०२५ रोजी प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास न्यायालयाने मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत परवानगीवाचून त्यांचे विसर्जन होऊ नये असे बजावले. आणि जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम कुंडांतच विसर्जित कराव्यात असे ठरले. नागपुरातही महानगरपालिकेने तलावांतील विसर्जन थांबवून कृत्रिम कुंडे उभारली आहेत. त्याच वर्षी राज्य शासनाने गणेशोत्सवास राज्य महोत्सव म्हणून जाहीर केले. म्हणजे उत्सव वाढतच जाणार आणि घरगुती मूर्तीसाठी मातीचा आग्रहही वाढणार. आज शहरातील सुशिक्षित कुटुंबे मातीच्या मूर्तीसाठी चार पैसे अधिक मोजण्यास तयार असतात.

प्रश्न असा आहे की, गिऱ्हाईक मातीकडे वळत असता माती मळणारा हात आपल्या घरात उरला आहे काय? आमच्या शाळकरी वयात आळीतील प्रत्येक मुलाला चाकाचा तोल ठाऊक असे. पुढे आम्ही स्वतः शिक्षक होऊन मुलांना वर्गात बसविले आणि ती मुले शिकली, नोकरीस लागली, ह्याचा आम्हांस अभिमानच आहे. कोणा मुलाने शाळा सोडून चाकावर बसावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. परंतु शिक्षण घेणे म्हणजे हातची विद्या टाकणे नव्हे. ती विद्या पुस्तकात नाही. एका पिढीने टाकली की दुसरीला ती विकतही मिळावयाची नाही. मग चतुर्थीच्या आधी मातीची मूर्ती मागणारे शहर इतर कोणाकडे तरी जाईल, आणि आपली मुले त्याच बाजारात गिऱ्हाईक म्हणून उभी राहतील.

म्हणून केवळ गतवैभवाची गाणी न गाता आम्ही तीन गोष्टी सुचवितो. पहिली, उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळाने आपल्या मुलामुलींसाठी पंधरा दिवसांचा मातीकामाचा वर्ग चालवावा आणि त्यात घरातील वडीलधाऱ्या माणसांनी शिकवावे. मूर्ती रंगविणे, मातीत माप धरणे ह्यांत आपल्या स्त्रियांचा हात पूर्वीपासून चालत आला आहे. त्यांना शिकविण्याचा मान द्यावा. दुसरी, मातीची तरतूद. शासनाच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ह्या २०१७ च्या योजनेने तलावांचा गाळ शेतांत जातो. त्यातील योग्य गाळ आपल्यालाही मिळावा म्हणून प्रत्येक तालुक्यातून एकत्रित अर्ज करावा. तिसरी, १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत कुंभारकाम आहे. तीत प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि दोन हप्त्यांत मिळून ३ लाख रुपयांपर्यंत विनातारण कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते. नागपुरात नोकरी करणाऱ्या आपल्या तरुणांनी दिवाळीस गावी येताना एवढे जरी केले, की घरातील कारागिराचा अर्ज भरून द्यावा आणि परत जाताना त्याच्या मूर्तींची व पणत्यांची मागणी आपल्या गाळ्यातील शेजाऱ्यांकडून गोळा करावी, तर महामार्गाचा उपयोग दोन्ही दिशांनी होईल.

गोरोबाकाकांनी थापटीने संतांची डोकी थापटून कोणते मडके कच्चे व कोणते पक्के ते सांगितले, ही कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. आज तीच थापटी काळाने आपल्या ज्ञातीवर ठेवली आहे. येत्या पोळ्यापूर्वी प्रत्येक घराने निदान एक बैलजोडी घरच्या मुलांच्या हातून घडवून घ्यावी. ती वाकडी झाली तरी चालेल; पुजावयाला तीच बसवावी.