खेळाडू-पात्रांतील संघर्ष

टेबलाभोवती खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिकाखेळात एकाच चमूतील पात्रे परस्परांविरुद्ध उभी ठाकण्याचा प्रसंग. डेव्हिड वेस्ली यांनी अमेरिकेतील मिनेसोटात १९६९ मध्ये खेळवलेल्या ‘ब्राउनस्टाइन’मध्ये प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे होते, कुरघोडी हाच त्याचा गाभा. त्यात सहभागी झालेले डेव्ह आर्नेसन यांनी गॅरी गायगॅक्स यांच्यासह घडवलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये (१९७४) मात्र चमूने मिळून भुयारे धुंडाळणे रूढ झाले. तरी भांडणाचे बीज नियमांतच राहिले. १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’मधील धर्मनिष्ठ पॅलाडिनला दुष्टांची संगत वर्ज्य, तर चोराचे कसबच खिसे कापण्याचे. दोघांना एका भुयारात उतरवल्यावर खटका न उडाला तरच नवल.

पात्रांचे वैर आणि खेळाडूंचे वैर वेगळे ओळखणे, हे खेळ चालवणाऱ्या डन्जन मास्टरचे खरे कसब. पहिले कथेला रंग आणते. दुसरे फाशांनी सुटत नाही, त्यासाठी खेळ थांबवून बोलावेच लागते. ‘माझे पात्र असेच वागणार’ ही सबब लंगडी असते, कारण ते पात्र घडवणारा खेळाडूच असतो. चोरी वा हल्ला झाल्यास परिणाम काय व्हावा, हे ज्याच्या पात्रावर तो बेतला त्यालाच ठरवू देण्याची पद्धत अनेक गटांत आहे. मर्यादा आधीच ठरवणाऱ्या पूर्वबैठकीला ‘सेशन झीरो’ म्हणतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ (२०२०) या पुस्तकात तिचे मार्गदर्शन आहे.

याउलट ‘पॅरानोइया’ (१९८४) या विज्ञानकथात्मक खेळात दगाबाजी अपेक्षितच असल्याने प्रत्येक पात्राला राखीव प्रतिरूपे दिलेली असतात.