मुद्रित ग्रंथांवरील नामस्थलनिर्देश

हस्तलिखित पोथीच्या अखेरीस लेखक पुष्पिका घालीत असे. तींत शक, तिथि, गांव व लेखकाचें नांव मिळालें म्हणजे संशोधकाचें निम्में काम होतें. परंतु पुष्पिका ही लेखकाच्या इच्छेची गोष्ट. ती नसली तरी त्यास कोणी जाब विचारीत नसे. मुद्रित ग्रंथावरील मुद्रकप्रकाशकांच्या नांवांची ओळ दिसावयास पुष्पिकेसारखीच आहे. तिचें मूळ मात्र राजाज्ञेंत आहे. हा भेद संग्राहकांनीं ध्यानांत घेतला पाहिजे.

ब्रिटिश हिंदुस्थानांत छापलेल्या प्रत्येक ग्रंथावर मुद्रकाचें नांव व मुद्रणस्थळ, आणि ग्रंथ प्रसिद्ध केला असल्यास प्रकाशकाचें नांव व प्रकाशनस्थळ सुवाच्य छापावें, असें १८६७ च्या २५ व्या कायद्याच्या तिसऱ्या कलमांत सांगितलें होतें. तत्पूर्वीं १८३५ च्या ११ व्या कायद्यांतहि असाच निर्बंध होता. शिळाछापाचे ग्रंथहि त्यांतून सुटत नसत. शिवाय छापखानेवाल्यास मॅजिस्ट्रेटापुढें प्रतिज्ञापत्र करून छापखान्याची जागा कळवावी लागे.

या ओळीचा हेतु इतिहासाची सेवा हा नव्हता. छापील मजकुराबद्दल कोणास धरावें हें सरकारास कळावें, एवढाच तो होता. १८९७ सालीं केसरींतील मजकुरावरून मुंबईच्या हायकोर्टांत राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हां टिळकांबरोबर मुद्रक केशव महादेव बाळ यांसहि आरोपी म्हणून उभें राहावें लागलें. बाळ निर्दोषी ठरले. टिळकांस १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मुद्रक म्हणून नांव देणें किती जोखमीचें होतें, हें यावरून दिसतें. पुढें १९२२ सालीं वर्तमानपत्रावर संपादकाचें नांव छापणेंहि सक्तीचें झालें.

असें असलें तरी, धाकापोटीं छापलेली ही ओळ आज आमचें मोठें साधन आहे. मात्र तिसरें कलम मुद्रणाचा काल मागत नाहीं. म्हणून कालनिर्देश नसलेला ग्रंथ हातीं आल्यास छापखान्याचें नांव व ठिकाण पाहावें. पुण्याच्या चित्रशाळेचें नांव असलेली वस्तु १८७८ च्या पूर्वींची असूं शकत नाहीं, कारण ती संस्थाच त्या वर्षीं निघाली. दुसरें साधन सरकारी ग्रंथसूचींचें. अठराव्या कलमान्वयें ग्रंथाची पृष्ठसंख्या, आवृत्ति, प्रतींची संख्या, किंमत व प्रसिद्धीची तारीख यांची नोंद होई आणि ती दर तिमाहीस गॅझेटांत प्रसिद्ध होत असे. ग्रंथावरची ओळ व सूचींतली नोंद जुळली म्हणजे काल निश्चित होतो.

१८६७ चा कायदा आतां राहिला नाहीं. त्याच्या जागीं आलेला २०२३ चा कायदा १ मार्च २०२४ पासून अंमलांत आहे. तो नियतकालिकांपुरता असून ग्रंथ व विद्वत्पत्रिका त्यानें वगळल्या आहेत. म्हणजे ग्रंथापुरती ही ओळ पुन्हां पुष्पिकेप्रमाणेंच स्वेच्छेवर आली. तेव्हां ग्रंथकारांनीं व प्रकाशकांनीं ती आपण होऊन, शकमितीसह, छापीत जावी. आणि संग्राहकांनीं जुन्या ग्रंथांची पुनर्बांधणी करवितांना मुखपृष्ठ व शेवटचें पान टाकूं देऊं नये. बहुधा ती ओळ तेथेंच असते.