कायद्याचा दिवस आणि शरीराचा दिवस : भारतातील रात्रपाळीची कहाणी

पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो, घड्याळाचा मध्यरात्री. भारतीय कायद्याने आणखी एक दिवस निर्माण केला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ५७ वे कलम सांगत असे की, कामगाराची पाळी मध्यरात्र ओलांडून जात असेल, तर त्याचा 'पुढचा दिवस' पाळी संपल्यापासून चोवीस तासांचा मानावा आणि मध्यरात्रीनंतर केलेले कामाचे तास आदल्या दिवसात धरावेत. साप्ताहिक सुट्टीही पाळी संपल्या क्षणापासूनच मोजावी. हजेरी आणि पगाराचा हिशेब त्यामुळे सरळ झाला. परंतु ज्या शरीराने ही पाळी करायची, त्याचा दिवस कोठे सुरू होतो, हा प्रश्न कलमाच्या कक्षेबाहेर राहिला. भारतातील रात्रपाळीचा इतिहास म्हणजे या दोन दिवसांमधील ओढाताणीचा इतिहास होय.

रात्री जागणे या देशाला नवे नव्हते. गावाची राखण करणारे जागले होते, कुंभाराची भट्टी रात्रभर धगधगत असे, हंगामात गुऱ्हाळे पहाटेपर्यंत चालत. मात्र हे जागरण प्रसंगाचे किंवा हंगामाचे असे. शेकडो माणसांनी वर्षभर, ठरावीक तासांना, दिव्याच्या प्रकाशात यंत्रासमोर उभे राहावे, ही कल्पना गिरणीबरोबर आली, आणि गिरणीतही ती पहिल्या दिवसापासून नव्हती. मुंबईच्या सुरुवातीच्या कापड गिरण्या सूर्यावर चालत. फटफटले की भोंगा होई आणि अंधारले की साचे थांबत. त्यामुळे उन्हाळ्यातला कामाचा दिवस लांब, हिवाळ्यातला आखूड. गिरणीत काम मरणाचे होते, तरी त्याला सूर्यास्ताची एक नैसर्गिक सीमा होती.

ही सीमा विजेच्या दिव्याने पुसली. हुगळीकाठच्या ताग गिरण्यांत १८९० च्या दशकात आणि त्यानंतर मुंबईच्या कापड गिरण्यांत विजेचे दिवे आले. १९०५ च्या सुमारास सुताला आणि कापडाला मागणी वाढली, तेव्हा ज्या गिरण्यांत दिवे होते त्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या. १८८१ चा पहिला कारखाने कायदा लहान मुलांपुरता होता. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली. प्रौढ पुरुषाने किती तास राबावे, याविषयी कायदा मौन बाळगून होता. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली होती, पण आठवड्यातील उरलेल्या सहा दिवसांची लांबी मालकाच्या हाती होती.

वर्तमानपत्रांतून ओरड झाल्यावर सरकारने आधी समिती व मग आयोग नेमला. १९०८ मध्ये अहवाल देणाऱ्या या आयोगाच्या बहुमताला प्रौढ पुरुषांच्या कामाचे तास कायद्याने थेट बांधणे मान्य नव्हते. त्याच आयोगावर मद्रासचे एक वैद्यक होते, डॉ. टी. एम. नायर. त्यांनी भिन्न मतपत्रिका जोडली आणि पुरुष कामगाराच्या तासांवरही थेट मर्यादा हवी, असा आग्रह धरला. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी बारा तासांची मर्यादा घातली. आज बारा तास हा आकडा क्रूर वाटतो. पण विजेच्या दिव्याने सूर्याची जी सीमा पुसली होती, तिच्या जागी माणसाने आखलेली ही पहिली सीमा होती, हे तिचे ऐतिहासिक मोल आहे.

त्याच सुमारास रात्रपाळीचे दुसरे कारण पूर्व भारतात उभे राहत होते. जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात फेब्रुवारी १९१२ मध्ये पहिले पोलाद निघाले. कापडाचा साचा रात्री थांबवता येतो. लोखंडाची झोतभट्टी थांबवता येत नाही, ती विझली तर आतला माल गोठतो आणि भट्टीच निकामी होते. येथे रात्रीचे काम नफ्याच्या लोभापेक्षा प्रक्रियेच्या स्वरूपातून आले. चोवीस तासांना आठाने भागले की तीन पाळ्या होतात. या कारखान्याने १९१२ पासूनच आठ तासांचा दिवस स्वीकारला. कापडधंद्यात मात्र रात्र हा बराच काळ बाजारभावाचा विषय राहिला : मागणी वाढली की रात्रपाळी सुरू, घसरली की बंद. १९१५ पासून खोपोलीच्या जलविद्युत केंद्राची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. गिरणगावाच्या चाळींत एकाच खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे गडी राहत. एक गडी कामावर निघाला की त्याच्या वळकटीच्या जागेवर दुसरा पाठ टेकत असे. जागा वाटून घेता येत होती. दिवसाचा गलका आणि पत्र्याखालची धग मात्र झोपणाऱ्याच्याच वाट्याला येई.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न आंतरराष्ट्रीय झाला. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून तेथे नारायण मल्हार जोशी गेले होते. परिषदेने ब्रिटिश हिंदुस्थानासाठी साठ तासांचा आठवडा ठरवला आणि कारखान्यांत स्त्रियांच्या रात्रीच्या कामाला बंदी करणारा करार केला. भारताने हा करार १९२१ मध्ये स्वीकारला आणि १९२२ च्या कायद्यात साठ तास आले. पुढे १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी चोपन्न, आणि १९४६ च्या दुरुस्तीने अठ्ठेचाळीस. हे शेवटचे विधेयक व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळातील मजूरमंत्री या नात्याने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडले होते.

स्त्रियांवरील बंदी संरक्षणासाठी होती, पण तिचे परिणाम सरळ नव्हते. तीन पाळ्यांच्या गिरणीत जो कामगार तिन्ही पाळ्यांना लावता येतो तो मालकाला अधिक सोयीचा. स्त्रियांच्या हातून गिरणीतील काम निसटत जाण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण होते. शिवाय ही बंदी कारखान्यापुरती होती. रुग्णालयातील परिचारिका रात्रभर उभी असे, तिची काळजी या कलमाला नव्हती. १९४८ च्या अधिनियमाच्या ६६ व्या कलमाने स्त्रियांना कारखान्यात सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढ्याच वेळेत काम करण्याची मुभा ठेवली, आणि त्याच कलमात मासळी सुकवण्याच्या व डबाबंद करण्याच्या कारखान्यांसाठी अपवादाची सोय केली, कारण कच्चा माल नासतो. मासळीचे नासणे कायद्याने जाणले. माणसाच्या झोपेचे नासणे जाणण्याचे शास्त्र तेव्हा बाल्यावस्थेत होते.

या शास्त्राची पहिली नोंद मात्र फार जुनी आहे. अलेक्झांडरच्या सैन्यातील अँड्रॉस्थिनीस याने आजच्या बहरीनमध्ये चिंचेची पाने दिवसा उघडतात व रात्री मिटतात, असे लिहून ठेवले. १७२९ मध्ये द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाची एक निरीक्षणे प्रसिद्ध झाली : लाजाळूसारखे झाड अंधारात ठेवले तरी त्याची पाने आपल्या वेळेला उघडत-मिटत राहतात. म्हणजे सूर्य दिसत नसतानाही वेळ कळते. घड्याळ आत आहे. १९७१ मध्ये कोनोप्का आणि बेन्झर यांनी फळमाशीत या घड्याळाशी निगडित जनुक शोधले. त्याची यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रवासात भारताचा वाटा मदुराईचा. मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी जैविक घड्याळांवर संशोधन करणारी शाखा उभी केली. परिसरातील गुहांमध्ये राहणाऱ्या वटवाघळांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. गुहेच्या गर्द अंधारात एक वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले. प्रकाशाचा किरणही त्याच्यापर्यंत पोचत नव्हता, तरी ते रोज संध्याकाळी बरोबर वेळेला चुळबुळ करू लागे, कारण गुहेतील बाकीचा थवा त्या वेळी बाहेर पडत असे. तेच वटवाघूळ एकटे, थवा नसलेल्या गुहेत ठेवले, तर त्याचे घड्याळ सूर्याशी फारकत घेऊन आपल्याच गतीने चालू लागे. एका प्राण्याची वेळ त्याच्या समाजाकडून जुळवली जाऊ शकते, हे यातून दिसले. याच विद्यापीठात माणसांसाठीही एक अलगीकरण कक्ष बांधला गेला. तेथे स्वयंसेवक घड्याळ, खिडकी आणि बातमी यांशिवाय दिवसेंदिवस राहत आणि त्यांच्या झोपेच्या व जागेपणाच्या लयींची नोंद ठेवली जाई.

माणसाच्या बाबतीत सर्वांत बलवान सूचना प्रकाशाची असते. मेंदूच्या तळाशी सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक पुंजका असतो. डोळ्यांकडून येणाऱ्या प्रकाशावर तो शरीराची वेळ लावतो. त्याचा स्वतःचा फेरा सरासरी चोवीस तासांहून किंचित अधिक असतो, आणि सकाळचा प्रकाश तो रोज थोडा मागे खेचून जुळवतो. रात्रपाळीचा कामगार पहाटे घरी निघतो तेव्हा हाच प्रकाश त्याच्या डोळ्यांवर पडतो आणि घड्याळाला सांगतो की दिवस उजाडला. पहाटे चारच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत खाली असते व लक्ष सर्वांत मंद, तेव्हा तो यंत्रासमोर असतो; तापमान चढू लागते तेव्हा तो अंथरुणावर असतो. साहजिकच दिवसाची झोप तुटक व अपुरी होते. 'सवय होते' असे म्हटले जाते, पण बहुतेकांचे घड्याळ पुरते उलटत नाही. सुट्टीच्या दिवशी घरच्यांच्या वेळेला उठले-बसले की थोडेफार सरकलेलेही मूळ जागी येते. मदुराईच्या वटवाघळाला निदान एक थवा होता. रात्रपाळीच्या माणसाचा थवा नेमका उलट्या वेळेला उडत असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये जैविक लय बिघडवणाऱ्या पाळ्यांना 'बहुधा कर्करोगकारक' या गटात घातले आणि २०१९ मध्ये रात्रपाळीबाबत तेच वर्गीकरण कायम ठेवले. हे वर्गीकरण पुरावा किती भक्कम आहे ते सांगते, एकेका माणसाचा धोका किती ते सांगत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे. अपघातांबाबतही तोल हवा. थ्री माइल आयलंड, भोपाळ आणि चेर्नोबिल या तिन्ही दुर्घटना रात्रीच्या तासांत घडल्या. परंतु भोपाळमध्ये सुरक्षेच्या यंत्रणा बंद किंवा अपुऱ्या होत्या. पेंगणाऱ्या कामगारावर सारे ढकलले की ज्यांनी त्या यंत्रणा तशा ठेवल्या ते सुटतात.

१९९० च्या दशकाअखेर रात्रीचा प्रवाह दुसऱ्या दिशेने वळला. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा भारतात हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तेथील कचेरी पाचला सुटते तेव्हा येथे पहाटेचे साडेतीन. बंगळूर, हैदराबाद, गुरगावच्या कॉल सेंटरांत शिकलेल्या तरुण पिढीने पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूचा दिवस भाड्याने घेतला. डिसेंबर २००० मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने कारखान्यांत स्त्रियांना रात्री मज्जाव करणारे कलम घटनाबाह्य ठरवले. आणि २०२० मध्ये संसदेने संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने संमती आणि सुरक्षेच्या अटींवर स्त्रियांना रात्रीच्या कामाची मुभा दिली. समतेच्या दृष्टीने हे पाऊल योग्यच आहे. मात्र वाहन आणि पहारा दिला की रात्र सुरक्षित झाली, एवढ्यावर थांबता येणार नाही. पाळ्या सकाळ, दुपार, रात्र अशा पुढच्या दिशेने फिरवल्या तर शरीराला कमी जड जातात, कारण आतले घड्याळ पुढे ढकलणे मागे ओढण्यापेक्षा सोपे असते. अमेरिकेतील एका खनिज कारखान्यातील या अभ्यासाचे निष्कर्ष १९८२ मध्येच प्रसिद्ध झाले आहेत. या सुधारणेला नवे यंत्र लागत नाही, पाळ्यांचा तक्ता बदलावा लागतो.

आणि ज्यांचा तक्ताच नाही, त्यांचे काय? कृषिपंपांना अनेक राज्यांत आळीपाळीने वीज मिळते, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री. वीज येईल तेव्हा शेतकरी उठतो, बॅटरी घेऊन बांधावरून चालत मोटर सुरू करतो आणि पाणी वळवीत जागतो. मण्यारही याच वेळी बाहेर असते. ही देशातील मोठी रात्रपाळी आहे, पण तिला हजेरीपट नाही, भत्ता नाही, ५७ वे कलम नाही. गुजरातने २०२० मध्ये किसान सूर्योदय योजना आणि महाराष्ट्राने सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठी सुरू केल्या. अशा योजनांचे मोजमाप मेगावॅटमध्ये होते. त्यांनी किती रात्रींची झोप परत दिली, हेही मोजले गेले, तर १९०८ मध्ये एका वैद्याने धरलेला आग्रह गिरणीच्या भिंतीबाहेर पोचला असे म्हणता येईल.