म्हातारीला कळेल असं बोला

गोड बोलावं, कुणाला शब्दानं दुखवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण बोलणं गोड असलं आणि समोरच्या बाईला ते कळलंच नाही, तर तिच्या पदरात काय पडलं? आज आम्ही तुम्हाला सुमारे ७५० वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहोत.

१३ व्या शतकात चक्रधर स्वामी आपल्या महाराष्ट्रात गावोगाव फिरत होते. महानुभाव पंथ त्यांनीच सुरू केला. ते मूळचे गुजरातचे, पण उपदेश करत मराठीतून. त्या काळी धर्माचं ज्ञान संस्कृत पोथ्यांत होतं आणि बायकांना ते शिकायची मुभा नव्हती. स्वामींजवळ मात्र बायका बसत, ऐकत, शंका विचारत. बाइसा, महदाइसा, उमाइसा, आबाइसा अशी त्यांची नावं. नावाला जोडलेलं हे 'आइसा' मानाचं होतं.

यातल्या महदाइसा बालविधवा. त्या काळी अशा बाईला कोण विचारणार? पण त्या सारखे प्रश्न विचारत आणि स्वामी कंटाळत नसत. उलट, ही म्हातारी मोठी जिज्ञासू आहे, असं कौतुक करत. याच महदाइसांनी पुढे लग्नात गायची गाणी रचली. ती 'धवळे' म्हणून ओळखली जातात. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आज त्यांचं नाव घेतात.

स्वामींचं बोलणं कसं होतं, ते पाळीच्या विटाळावरून कळतं. नाकातून, कानातून, डोळ्यांतून मळ येतो, तसाच हाही शरीराचा एक स्राव, त्याचा विटाळ मानू नये, असं त्यांनी समजावलं. ना लाजवणं, ना आडवळण. अवघड गोष्ट सांगायची तर ते रोजच्या जगण्यातला दाखला देत. असे ११४ दृष्टान्त पुढे केशोबास यांनी एकत्र केले.

स्वामींनंतर नागदेवाचार्य पंथाचे प्रमुख झाले. म्हाइंभट यांनी स्वामींच्या आठवणी लोकांना भेटून, विचारून जमवल्या आणि १२७८ च्या सुमारास 'लीळाचरित्र' मराठीत सिद्ध झालं. केशोबास संस्कृतचे मोठे पंडित. संस्कृतात ग्रंथ लिहावा, असं त्यांच्या मनात आलं. नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवलं. त्यांचं म्हणणं असं की, तसं केलं तर माझ्या म्हाताऱ्या नागवल्या जातील.

शब्द नीट ऐका, मैत्रिणींनो. नागवणं म्हणजे लुबाडणं. म्हाताऱ्यांना 'समजणार नाही' एवढंच ते म्हणाले नाहीत. जे त्यांच्या हक्काचं आहे, ते अवघड भाषेत लिहिणं म्हणजे त्यांना लुटणं, असं त्यांना वाटलं.

आता आपल्या गटाकडे वळू. मासिक बैठकीत ठराव घाईनं वाचला जातो आणि वही सह्यांसाठी फिरते. कर्जाच्या कागदावर 'तारण', 'जामीनदार', 'थकबाकी' असे शब्द असतात. मागच्या रांगेतली आजी अंगठा उठवते. जामीनदार म्हणजे दुसरीनं हप्ते थकवले तर ते आपल्याला भरावे लागतील, हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे वसुली दारात आली की ती म्हणते, मला कुठं माहीत होतं? तिच्याशी कुणी वाईट बोललेलं नसतं, तरी ती नागवली गेलेली असते.

म्हणून आम्ही एवढंच सुचवतो. वही फिरवण्याआधी ठराव आपल्या बोलीत सांगा. 'कळलं का?' असं विचारलं की सगळ्याच माना डोलवतात. त्याऐवजी म्हणा, 'आजी, आपण काय ठरवलं ते तुमच्या शब्दांत सांगा बघू.' आजी अडखळली तर हसू नका, पुन्हा सांगा. कुणी सारखं विचारत असेल, तर तिला गप्प बसवू नका. महदाइसाही अशाच विचारत होत्या.

पुढच्या बैठकीत मागच्या रांगेतल्या आजीला पुढे बसवा आणि सही तिला कळल्यावरच घ्या.