गोधडी कोणाची?

मनुष्य आपल्या आयुष्याचा सुमारे तिसरा हिस्सा अंथरुणात काढतो. पण त्या अंथरुणाचा इतिहास लिहावा असे इतिहासकारांपैकी फार थोड्यांस वाटले आहे. तलवारी, ताम्रपट व सनदा यांची जपणूक झाली. गोधडी मात्र वापरून वापरून विरली, आणि विरली म्हणजे दुसऱ्या गोधडीच्या पोटात गेली. जी वस्तू झिजण्यासाठीच जन्मास येते तिचा पुरावा मागे राहावा कसा, ही या विषयाची पहिली अडचण होय. दुसरी अडचण याहून नाजूक आहे. गोधडीतले कापड कोणाचे हे घरची माणसे बोट ठेवून सांगतात. टाके कोणाचे हे विचारले म्हणजे मात्र पुष्कळदा चुकतात. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या अडचणीचाच विचार करण्याचे योजिले आहे.

प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. रजईच्या व दुलईच्या पोटात पिंजलेला कापूस असतो. गोधडीच्या पोटात कापडावर कापडच असते. देशावर तिला वाकळ म्हणतात, आणि कानडी सीमेकडे कौदी हा शब्द कानी पडतो. वर व खाली नऊवारी लुगड्याचे पट्टे, मध्ये जुनी धोतरे, सदरे, उशांचे अभ्रे, आणि या साऱ्या थरांस एकत्र बांधणारा एकच साधा टाका, धावदोरा. नवे कापड या कामी चालत नाही. जुन्या कापडातली खळ शेकडो धुण्यांनी निघून गेलेली असते व त्याचे आकसणेही संपलेले असते. नव्या कापडाचे ठिगळ पहिल्याच धुण्यास आकसते आणि शेजारच्या विरलेल्या कापडास ओढून फाडते. तेव्हा गोधडी जुनेराची असते ती केवळ दारिद्र्यामुळे नव्हे. तो त्या कारागिरीचा नियमच आहे.

या वस्त्राची परंपरा फार जुनी आहे. संस्कृतात त्यास कंथा म्हणतात, आणि भर्तृहरीच्या वैराग्यशतकात विरक्ताच्या मोजक्या संपत्तीत कंथेची गणना आहे. बौद्धांच्या विनयपिटकात एक मनोहर कथा येते. मगधातील शेते बांधांनी चौकोनाचौकोनांत विभागलेली पाहून बुद्धाने, भिक्षूंची चीवरे अशीच तुकडे जोडून करता येतील काय, असे आनंदास विचारले. आनंदाने तसे चीवर करून दाखविले व बुद्धाने त्याची वाखाणणी केली. १९०७ साली ऑरेल स्टाइन यास चीनमधील तुनहुआंग येथील लेण्यांत रेशमी तुकडे जोडून केलेले एक वस्त्र मिळाले. ते सुमारे आठव्या-नवव्या शतकातील असून आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ते कोणी शिवले, हे मात्र कोणासच ठाऊक नाही. शिवणाऱ्याची नावानिशी स्तुती व्हावी हे भाग्य आनंदास लाभले. पुढे ते फार थोड्यांच्या वाट्यास आले.

इतका पोथीतला इतिहास हाती आल्यावर आम्ही एका उन्हाळ्यात स्वतःच गोधडी शिवावयास बसलो. घरात विकतच्या चादरी व ब्लँकेटे होती. गरज काहीच नव्हती. केवळ छंद! साहित्य तरी असे कितीसे लागते? मोठ्या नेढ्याची सुई, जाड सुती दोरा, तो गुळगुळीत करण्यास मेणाचा खडा, मधल्या बोटास अंगुस्तान, एक कात्री, आणि पसरलेल्या कापडाचे चार कोपरे दाबून धरावयास पाटा, वरवंटा व खलबत्ता.

परंतु साहित्याच्या साधेपणावर जाऊ नये. पहिल्या दिवशी नेढ्यात दोरा ओवण्यातच आमची अर्धी दुपार गेली. लांब दोरा घ्यावा तर तो गुंततो, आखूड घ्यावा तर हातभर जाण्याआधी संपतो. कडेकडेने फेरे घालीत मध्याकडे यावे अशी रीत आहे; पण आतले थर नीट ताणलेले नसले म्हणजे प्रत्येक फेऱ्यागणिक थोडे कापड पुढे सरकत राहते आणि मध्याशी पोहोचेतो तेथे उशीएवढा झोळ जमा झालेला असतो. तो उसवावयाचा म्हणजे चार दिवसांचे काम उसवावयाचे. आधी मोठमोठे कच्चे टाके घालून सर्व थर जागच्या जागी बांधून घ्यावेत ही अक्कल आम्हांस त्या झोळानेच शिकविली. पुढे एका लाल तुकड्याने पहिल्या धुण्यास रंग सोडला व शेजारचे पांढरे धोतर गुलाबी झाले. मध्यंतरी हे घोंगडे दोन महिने भिजत पडले होते, हेही कबूल केले पाहिजे.

मग यात आनंद तो कोणता? एकदा हात बसला म्हणजे सुई आपल्या चालीने चालू लागते. चार टाके सुईवर घ्यावेत, दोरा ओढावा, तळहाताने शिवण सपाट करावी. मन रिकामे होते, तरी वाया जात नाही. एखाद्या सदऱ्याचा खिसा सापडतो, एखाद्या पदराचा काठ ओळखू येतो, आणि ज्यांची नावे घरात वर्षानुवर्षे कोणी घेतली नव्हती अशी माणसे घटकाभर जवळ येऊन बसतात.

याच आनंदातून आमच्या एका जुन्या समजुतीस धक्का बसला. आमच्या घरी एक गोधडी आहे. ती आजीने शिवली असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो व येणाऱ्याजाणाऱ्यास तितक्याच अभिमानाने सांगत आलो. स्वतः चार महिने सुई धरल्यावर ती गोधडी आम्ही प्रथमच नीट पाहिली. टाका टाक्यास जुळलेला, फेरे सूत धरल्यासारखे सरळ, मध्यावर झोळाचे नाव नाही. हे रोज तेच काम करणाऱ्या हाताचे काम होते. त्याच पेटीत आजीने खात्रीने स्वतः शिवलेले एक दुपटे होते. त्याचे टाके प्रेमळ खरे, पण तोकडेलांबडे, आणि जागोजाग गाठी वर आलेल्या. हे दोन्ही हात एकच नव्हते.

आम्ही आत्याबाईंस विचारले. त्या हसून म्हणाल्या, "अरे, आई लुगडी काढून द्यायची आणि कोणते वर, कोणते खाली एवढे सांगायची. शिवायला बाई यायची. दुपारभर ओसरीवर बसून असायची."

"तिचे नाव काय?"

"नाव कोण विचारतंय? गोधडीवाली म्हणायचो आम्ही तिला."

गल्लीगल्लीतून हाक देत फिरणाऱ्या व ठरल्या मजुरीवर गोधड्या शिवून देणाऱ्या या स्त्रिया आपल्या गावांस नवीन नाहीत. पण कौटुंबिक आठवणींत त्यांस जागा मिळालेली क्वचितच दिसते. आजी खोटे बोलली नव्हती. तिने कधी तसे म्हटलेही नसेल. आम्हीच कापडावरील तिचा हक्क टाक्यांवर पसरविला होता.

ही चूक आमच्या एकट्या घरची असती तर तिचा येथे उल्लेख केला नसता. परंतु ज्या अमेरिकेत गोधडीचा इतिहास पद्धतशीरपणे लिहिला गेला, तेथेही हाच प्रश्न पुनःपुन्हा उभा राहिला आहे. हॅरिएट पॉवर्स ही १८३७ साली जॉर्जिया संस्थानात गुलामगिरीत जन्मली. १८८६ साली अथेन्स या गावच्या कापसाच्या प्रदर्शनात तिची एक गोधडी मांडली गेली. तिच्यावर अकरा चौकटींत बायबलातील प्रसंग कापडी आकृत्या शिवून दाखविले होते. जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने ती विकत मागितली, तेव्हा हॅरिएटने कोणत्याही किमतीस देण्याचे नाकारले. पुढे चारपाच वर्षांनी संसारास ओढ लागली आणि ती आपण होऊन गोधडी घेऊन आली. तिने १० डॉलर मागितले, ५ मिळाले. त्यानंतर आपली गोधडी नुसती पाहण्यासाठी ती अनेकदा त्या बाईकडे येत असे.

या व्यवहारात एक गोष्ट मात्र अशी घडली की जिच्यामुळे इतिहास त्या खरेदीदार बाईचा ऋणी राहील. प्रत्येक चौकटीचा अर्थ हॅरिएटने सांगितला व स्मिथबाईंनी तो लिहून ठेवला. ती गोधडी आज वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात हॅरिएट पॉवर्स या नावाने आहे; तिची दुसरी गोधडी बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. कागदाचा तो तुकडा नसता तर दोहोंखाली 'कर्ती अज्ञात' एवढेच लिहावे लागले असते.

आता याच्या उलट उदाहरण पाहू. १९३३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सीअर्स रोबक या व्यापारी कंपनीने गोधड्यांची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. तोवर गिरण्यांची ब्लँकेटे सर्वत्र मिळू लागली होती, शिवणयंत्रे घरोघरी आली होती, आणि वर्तमानपत्रे गोधड्यांचे नमुने छापीत होती. गरजेचे काम छंदाचे झाले होते. पण तो काळ आर्थिक मंदीचा होता, आणि पहिले बक्षीस होते १००० डॉलरचे! अवघ्या काही महिन्यांत २४ हजारांहून अधिक गोधड्या आल्या. पहिले बक्षीस केंटकी संस्थानातील एका दुकानदार बाईस मिळाले आणि तिची गोधडी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांस अर्पण करण्यात आली. अनेक दशकांनंतर संशोधकांनी उजेडात आणले ते असे की, त्या बाईने स्वतः ती गोधडी शिवलीच नव्हती. मजुरीवर लावलेल्या स्त्रियांनी ती शिवली होती. बक्षिसातले त्यांस काही मिळाले नाही, आणि मंदीच्या दिवसांत हातचे काम जाईल या भयाने त्या गप्प राहिल्या. पुढे ती गोधडीही कोठे गेली याचा ठाव लागला नाही.

कोणी म्हणेल, स्पर्धेतील लबाडी व आमच्या घरची विस्मृती यांची तुलना करणे अन्यायाचे आहे. हेतूच्या दृष्टीने ते खरे. परिणामाच्या दृष्टीने नव्हे. दोन्ही ठिकाणी शिवणारी नाहीशी झाली व शिवविणारी उरली. किंबहुना लबाडी कधीतरी कोणी तरी उघडकीस आणतो. विस्मृतीविरुद्ध तक्रार करावयास कोणी येत नाही.

यावर उपाय नाही असे मात्र नाही, आणि तो आपल्याच देशातील स्त्रियांनी दाखवून ठेविला आहे. बंगालमध्ये जुन्या साड्यांचे थर जोडून कांथा शिवतात. नाव संस्कृत कंथेचेच. गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) या सनदी अधिकाऱ्याने खेडोपाडी हिंडून अशा कांथा जमविल्या. त्यांच्या संग्रहातील मानदासुंदरी दासी या स्त्रीची एकोणिसाव्या शतकातील कांथा प्रसिद्ध आहे. तिने ती आपल्या वडिलांसाठी शिवली आणि आपण ती स्वहस्ते केली हे त्याच कापडावर दोऱ्याने लिहून ठेविले. तिला कोणा स्मिथबाईच्या कागदाची गरज उरली नाही.

छंद म्हणून गोधडी शिवणारांची संख्या हल्ली वाढत आहे, आणि याचा आम्हांस आनंद वाटतो. ज्यास गरज नाही तो झोळ उसवीत बसला तर हसण्याचे कारण नाही. त्या झोळाने जे शिकविले ते कोणत्याही ग्रंथाने आम्हांस शिकविले नसते. ज्याने स्वतः चार फेरे घातले त्यास दुसऱ्याचा फेरा पाहता येतो, आणि मग ती वस्तू नुसती आजीची आठवण राहत नाही. तीत आणखी कोणी तरी दिसू लागते.

आमची गोधडी गेल्या दिवाळीत पुरी झाली. मध्ये अजून थोडा झोळ आहेच. तिच्या उलट्या बाजूस एका कोपऱ्यात आम्ही आपले नाव व साल दोऱ्याने घातले. नंतर पेटीतली ती जुनी गोधडी काढली. तिच्या कोपऱ्यावर आजीचे नाव घालावे असा घरच्यांचा आग्रह होता, व तो रास्तही होता; कापड तिचे, मांडणी तिची. ते घातले. त्याखाली दुसरे नाव घालावयाचे होते, ते ठाऊक नव्हते. आत्याबाईंस पुन्हा विचारले. त्यांनी पुष्कळ वेळ आठवून पाहिले, पण नाव आठवेना. शेवटी आजीच्या नावाखाली आम्ही बोटभर जागा तशीच मोकळी ठेविली आणि सुई खाली ठेवली.